पाणी पांढरं झालं तेव्हा

कोथरूडला माझ्या मामेबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालची जोडटाकी, म्हणजे संप, धरला आणि खडक-वाळू वजा केली, तर पाणी दोनशे लिटरच्या आसपास. मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी हे पाणी अचानक पांढरं झालं, आणि शुक्रवारी पहाटे पाचपर्यंत सातपैकी पाच मासे मेले. मधले तास मी घरातल्यांच्या फोनमधले फोटो, त्यांचे मेसेज आणि नानांची, म्हणजे ताईच्या सासऱ्यांची आठवण यांवरून जुळवले आहेत. मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या रंगावर होतं, आणि मासे मात्र गुदमरून मेले.

गुरुवार, सकाळी १०:०० (उरले १९ तास)

वीज गेली. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं पुणेकरांना नवीन नाही, त्यामुळे घरात एकट्या असलेल्या नानांनी घड्याळ पाहिलं आणि पेपर उचलला. ताई ऑफिसात, भावजी कामाला नागपूरला, भाचा कॉलेजात. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे, दिवे आणि वायफाय एवढंच जोडलेलं. टाकीचा बोर्ड त्यावर नाही. संपातून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, लाटा करणारा वेव्हमेकर, फेस काढणारा स्किमर आणि चिलर, सगळं एका क्षणात थांबलं.

टाकीत कोण होतं ते सांगतो. पावडर ब्लू टँग, तीन हिरव्या क्रोमिस, एक फायरफिश, क्लाउन माशांची जोडी, दोन क्लीनर कोळंब्या, शंख. खडक सिरॅमिकचे आणि त्यांवर फक्त मऊ प्रवाळ: लेदर, झेनिया, झोअँथिड. दगडी प्रवाळ नव्हतं, आणि ते नसावंच. भारतात सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी विकत असेल तरी घेऊ नये. क्लाउनची जोडी हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची बंदिस्त पैदास आपल्याकडे रुजवल्यापासून समुद्रातून ओरबाडलेला क्लाउन घ्यायला काही कारण उरलेलं नाही.

आणि खडकाच्या माथ्यावर, ताटलीएवढं पसरलेलं एक समुद्रफूल. छंद असणारे त्याला बबल टिप ऍनिमोन म्हणतात. क्लाउनची जोडी दिवसरात्र त्याच्या बोंडांमध्ये राहायची.

दुपारी १२:३० (उरले साडेसोळा तास)

समुद्रफूल हा प्राणी आहे, आणि तो चालतो. तळाशी मांसल पाय असतो; त्याने तो खडकाला धरून बसतो, आणि जागा पटली नाही तर सरपटत निघतो. जागा पटायला दोन गोष्टी लागतात: उजेड आणि वाहतं पाणी. त्या दुपारी दोन्ही नव्हतं. खोली तापत होती, चिलर बंद, त्यामुळे टाकीचं पाणीही २६ अंशांवरून वर चढत होतं. ते निघालं. कोणत्या वाटेने गेलं हे कुणी पाहिलं नाही, पण पोचलं कुठे हे नंतर स्पष्ट झालं: उजव्या काचेवर, वेव्हमेकरच्या तोंडाशी.

चालू वेव्हमेकरजवळ ते सहसा टिकत नाही. पाण्याचा मारा त्याला दूर ठेवतो. बंद वेव्हमेकर म्हणजे त्याच्यासाठी धरायला सोयीची, खाचाखाचांची जागा. म्हणून समुद्रफूल असलेल्या टाकीत वीज जाण्यापेक्षा वीज परत येण्याची वेळ जास्त धोक्याची असते.

दुपारी ३:२० (उरले १३ तास ४० मिनिटं)

वीज आली. सगळी यंत्रं एकदम सुरू झाली. नानांना उजव्या बाजूने "घरघर" ऐकू आली. बंद पडलेला पंप पुन्हा चालू होताना हवा ओढतो आणि आवाज करतो हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी तसंच समजणं स्वाभाविक होतं. पाण्यात पांढुरके बारीक कण फिरताना दिसले, क्रोमिस ते टिपत होत्या. खाणं विरघळलं असेल, असं त्यांना वाटलं.

वेव्हमेकरच्या पंख्याने समुद्रफुलाचा कीस काढला होता. अशा प्राण्याच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, पण जे उरतं ते नुसतं प्रथिन, चरबी आणि चिकट स्राव. तुटलेल्या तुकड्यांतल्या दंशपेशीही लगेच निकामी होत नाहीत. त्या माशांच्या कल्ल्यांना लागतात. आणि हा सगळा ऐवज तीन-वीसला, एका झटक्यात, अगदी बारीक होऊन, दोनशे लिटर पाण्यात मिसळला. कोपऱ्यात पडलेला मेलेला मासा कुजायला दिवस लावतो. असा कीस झाला की जिवाणूंना वाटच पाहावी लागत नाही.

संध्याकाळी ५:४५ (उरले सव्वाअकरा तास)

भाचा घरी आला. त्याने काढलेला फोटो माझ्याकडे आहे. पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मागची काच दिसते, पण खडकांच्या कडा पुसट. वेव्हमेकर गुणगुणत होता आणि पाणी ढकलत नव्हता, म्हणून त्याने तो बंद केला. संपात स्किमरचा कप काठोकाठ भरून फेस बाहेर सांडत होता. त्याने कप धुतला आणि परत बसवला. हे त्या दिवशी झालेलं सगळ्यात चांगलं काम.

त्या फोटोत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी फार वेळ पाहत बसलो. क्लाउनची जोडी डाव्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला, एकमेकांना चिकटून आहे. हे मासे आपलं समुद्रफूल सोडून असे कोपऱ्यात बसत नाहीत. पाण्याचा रंग काहीही सांगो, त्या दोघांची जागाच सांगत होती की घर नाहीसं झालं आहे.

संध्याकाळी ७:१५ (उरले पावणेदहा तास)

ताई आली आणि पर्स ठेवायच्या आधी टाकीपुढे उभी राहिली. तिने हायड्रोमीटर बुडवला: १.०२५, ठीक. तापमान २८, जास्त, पण चिलर चालू झालेला. टेस्ट किटने पीएच पाहिला: ७.८. किटच्या कागदावर तो आकडा चालण्याजोग्या पट्ट्यात येतो, म्हणून तिने पुढे विचार केला नाही. समुद्रफूल दिसत नव्हतं, पण ते संध्याकाळी अंग आवळून खडकामागे जायचं, आणि गढूळ पाण्यात मागचं काही दिसतही नव्हतं.

त्या ७.८ वर थांबायला हवं. दिवे लागले की प्रवाळातली आणि काचेवरची शेवाळं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच वर जातो. रात्री सगळेच श्वास घेतात आणि सोडतात, तो खाली येतो. त्यामुळे पहाटे ७.८ दिसला तर मी निवांत असतो. संध्याकाळी सव्वासातला, चार तास दिवे जळल्यावर, ८.२ च्या घरात असायला हवा. तेव्हा ७.८ याचा अर्थ टाकीत उजेड देतो त्याहून जास्त कुणीतरी श्वास घेत आहे. माशांची संख्या तर वाढलेली नव्हती.

रात्री ८:०० (उरले ९ तास)

ताईने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, घाबरू नका, वीज गेली म्हणून फिल्टरचे बॅक्टेरिया मेले असतील. बॅक्टेरियाची बाटली आहे ना तुमच्याकडे? दुप्पट टाका, आणि रात्रभर स्किमर बंद ठेवा, नाहीतर तो सगळे बाहेर काढेल."

यातला शेवटचा भाग त्याने मनाने सांगितला नव्हता. अशा बहुतेक बाटल्यांवर स्किमर काही काळ बंद ठेवा असं छापलेलंच असतं. निरोगी टाकीत ते चालतं. त्या रात्री त्याहून घातक सल्ला मला सुचत नाही. स्किमर घाण काढतो ती हवेच्या लाखो बारीक बुडबुड्यांनी. म्हणजे तोच टाकीचा सगळ्यात मोठा श्वासही असतो. वेव्हमेकर आधीच बंद होता. आता स्किमरही बंद झाला, आणि श्वास घेणारे आणखी जीव बाटलीतून आत आले. अमोनिया खाणारे जिवाणू फुकट काम करत नाहीत: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला त्यांना साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो.

दुकानदाराला फोन करायच्या आधी एक काचेचा ग्लास पुरला असता. पाणी पांढरं होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपाय एकमेकांच्या उलट असतात, म्हणून हे नीट सांगतो. स्वच्छ ग्लासात टाकीचं पाणी घ्या आणि मागे काळा कागद धरा. एक-दोन मिनिटांत पाणी खालून वर निवळत गेलं तर ते हवेचे बुडबुडे आहेत. पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे, माशांना त्रास नाही. अर्ध्या तासात तळाला गाळ बसला तर वाळू ढवळली गेली आहे. पांढरेपणा तसाच राहिला तर ग्लासात थोडं व्हिनेगर घाला. पाणी लगेच निवळलं तर ती चुनखडी: अल्कता (अल्कलिनिटी) वाढवणारं द्रावण किंवा चुन्याचं पाणी जास्त पडलं, आणि कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच गोठलं. मॅग्नेशियम समुद्राइतकं, लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, नसेल तर हे आणखी लवकर होतं. चुन्याचं पाणी जास्त पडलं असेल तर पीएचही वर उडी मारतो, कारण संपृक्त चुन्याच्या पाण्याचा पीएच बाराच्या वर असतो. अशा वेळी द्रावणं थांबवून वाट पाहायची.

आणि व्हिनेगर घालूनही पाणी पांढरंच राहिलं, वास शिळ्या मासळीचा आला, पीएच वेळेच्या मानाने खाली असला, तर ते जिवाणू आहेत. मग टाकीत कुणीतरी मेलं आहे, किंवा काहीतरी जास्त पडलं आहे. तेव्हा बाटली उघडायची नाही. एकेक प्राणी मोजायचा.

ताईच्या टाकीतल्या पाण्याला वास येत होता. भाच्याने तो ओळखलाही होता; त्याला वाटलं, स्किमरच्या सांडलेल्या फेसाचा आहे.

रात्री ११:०० (उरले ६ तास)

टायमरने दिवे बंद केले. टाकीत ऑक्सिजन तयार होणं थांबलं. आता तो फक्त वरच्या पृष्ठभागातून येणार, आणि पृष्ठभाग जवळपास स्थिर होता. त्यावर प्रथिनांचा तेलकट पापुद्रा धरला होता. सगळे झोपायला गेले.

शुक्रवार, मध्यरात्रीनंतर १:३० (उरले साडेतीन तास)

या वेळचा फोटो नाही. हिशेब मात्र करता येतो, आणि तो प्रत्येक टाकीवाल्याने एकदा तरी करावा.

त्या तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात एका लिटरला फार तर साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेवढ्याच गोड्या पाण्यात आठच्या आसपास मावतो. मीठ आणि उष्णता दोन्ही त्याला बाहेर ढकलतात. दोनशे लिटर गुणिले साडेसहा: एक ग्रॅम आणि तीनशे मिलिग्रॅम. संपूर्ण टाकीची शिल्लक एवढीच. खोलीतल्या पाच लिटर हवेत जितका प्राणवायू असतो, तितकाच.

आता दुसरी बाजू. एक ग्रॅम कार्बन पूर्ण कुजायला २.६७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हे शाळेतल्या रसायनशास्त्राचं गणित आहे, बारा आणि बत्तीसचं. म्हणजे अर्धा ग्रॅम कार्बन टाकीची सगळी शिल्लक संपवायला पुरतो. ताटलीएवढ्या समुद्रफुलात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त कार्बन असतो. पृष्ठभाग खळबळत असता, तर हवेतून भर पडत राहिली असती आणि जिवाणूंनी आपलं काम दोन दिवसांत उरकलं असतं. पाणी पांढरं राहिलं असतं, मासे जगले असते.

पहाटे ३:४० (उरला १ तास २० मिनिटं)

भाचा पाणी प्यायला उठला. मोबाइलच्या उजेडात त्याला क्रोमिस आणि टँग अगदी वर, तोंडं पृष्ठभागाला लावून दिसले. त्याने छोटा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला: "आई, सगळे वर आलेत, भूक लागली वाटतं." ताईचा फोन उशाशी आवाज बंद करून ठेवलेला होता.

त्या व्हिडिओत टँगचे कल्ले इतक्या वेगाने हलत आहेत की ते मोजता येत नाहीत. शंख पाण्याच्या रेषेच्या वर काचेला चिकटले आहेत. एक क्लीनर कोळंबी वरच्या नळीवर चढली आहे. तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात. रात्री माशांचं तोंड पृष्ठभागाला लागलं की खाणं द्यायचं नाही, पंप शोधायचा. त्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने ते आपोआप ओळखावं अशी अपेक्षा करणं अन्याय आहे.

पहाटे ४:५०

नाना रोजच्या वेळेला उठले. फायरफिश फरशीवर पडलेला होता. तो मासा घाबरला की उडी मारतो. टँग आडवा होऊन तरंगत होता. त्यांनी ताईला हाक मारली, ताईने मला फोन लावला. मी कर्वेनगरला राहतो. निघता निघता सांगितलं, "स्किमर चालू कर, आणि मी येईपर्यंत तांब्याने पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतत राहा. थांबू नका."

त्यांनी ते केलं. आळीपाळीने तिघांनी, नानांनीसुद्धा. क्लाउनची जोडी आज जिवंत आहे ती त्या तांब्यामुळे. मी बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप घेऊन सव्वापाचला पोचलो. तोवर टँग आणि तिन्ही क्रोमिस गेल्या होत्या.

वेव्हमेकर बाहेर काढला तेव्हा जाळीत अडकलेला मांसल पाय सापडला. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी बाटली ओतली रे, हे इथे होतं आणि मी बाटली ओतली." मी तिला सांगितलं तेच इथे लिहितो: पांढऱ्या पाण्यात ते कुणालाच दिसलं नसतं, आणि सल्ला विचारायची तिची घाई बरोबर होती, सल्ला चुकीचा मिळाला.

भाचा बाह्या वर करून खडक बाहेर काढायला निघाला, त्याला थांबवलं. खडकांवर झोअँथिड होती. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, १९७१ मध्ये हवाईत पॅलिथोआपासून प्रथम वेगळं केलेलं, ज्ञात विषांमधलं एक अत्यंत जहाल विष. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय या प्रवाळाला हात लावू नये, आणि असे खडक उकळू तर कधीच नयेत. वाफेतून विषबाधा झालेली आहे.

शुक्रवारी सकाळी आणि नंतर

ताईकडे मीठ कालवलेलं पाणी तयार नव्हतं. आरओ पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन होते. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने जवळपास दीड किलो मीठ त्यात घालून पंपाने दोन तास फिरवलं, तापमान आणि क्षारता टाकीशी जुळवली, मगच पाणी बदललं. मेलेले जीव काढले, वाळूच्या वरचे कण नळीने ओढले, संपात सक्रिय कार्बनची पिशवी टाकली. दुपारी अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅम आला. मासे मेल्यावर येणारी ही दुसरी लाट अनेकांना ठाऊक नसते. ऑक्सिजन संपतो तेव्हा खडकांतले उपयोगी जिवाणूही अर्धमेले होतात. आणि हवा मिळून पीएच वर जाऊ लागला की त्याच अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात जातो. म्हणून अमोनिया बांधून ठेवणारं द्रव्य घातलं आणि आठवडाभर रोज थोडं पाणी बदललं.

झेनिया विरघळली. दोन्ही कोळंब्या गेल्या. लेदर प्रवाळाने कात टाकली आणि महिन्याभराने पुन्हा बोटं उघडली. पाणी रविवारी सकाळीच काचेसारखं स्वच्छ झालं होतं. ते निवळवण्यासाठी कुणाला काहीही करावं लागलं नाही.

तुमच्या टाकीत समुद्रफूल असेल तर वेव्हमेकरला आणि पंपांच्या तोंडांना आजच बारीक जाळी किंवा स्पंज बसवा. वीज गेली असेल तर ती यायच्या आधी वेव्हमेकरचा प्लग काढून ठेवा, आणि समुद्रफूल कुठे आहे ते डोळ्यांनी पाहूनच लावा. वीज जाताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. पाणी पांढरं झालं आणि कारण कळत नसेल, तर स्किमर बंद करू नका, पृष्ठभाग खळबळवा, प्राणी मोजा, आणि त्या रात्री कुणीतरी तीन वाजता उठून टाकीपाशी जा. घरातल्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना एवढंच सांगून ठेवा: मासे वर आले तर आम्हाला उठवा.